उष्टी हवा

जगातली बहुतेक दुःखं हवा कमी पडल्यामुळे होतात, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. नात्याने ते माझे भावोजी, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही. एसटीच्या डेपोत टायरच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आमच्याकडच्या घाटांतून माणसं सुखरूप घरी पोचतात ती ड्रायव्हरमुळे, देवामुळे की आपल्यामुळे, हा प्रश्न त्यांनी कधी कोणाला विचारला नाही. उत्तर त्यांना माहीत होतं. निवृत्त होऊन धामापूरला घरी आले तरी त्यांच्या पायाची सवय गेली नाही. दारात कुठलंही वाहन थांबलं की ते आधी पायाच्या अंगठ्याने चाक दाबून बघतात आणि मग आत कोण बसलंय ते बघतात. आमच्या एका चुलतबहिणीची लग्नानंतर पाठवणी चालली होती. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडत होती, बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि भावोजी फुलांनी मढवलेल्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. "डावो मागचो बसलो आसा," ते शांतपणे म्हणाले. "हवा भरल्याबिगर चेडवाक ह्या गाडयेत धाडूचा नाय." कोणीतरी जाऊन पंप घेऊन येईपर्यंत सगळे ताटकळत उभे राहिले, सरबत पुन्हा एकदा फिरलं, आणि हवा भरून झाल्यावर मंडळींना पहिल्यापासून रडायला सुरुवात करावी लागली. रडणं दुसऱ्यांदा तितकंसं जमलं नाही.

हवेबाबत त्यांची मतं ठाम आहेत आणि ती न विचारता मिळतात. फुगा फुगवणारी माणसं त्यांना उथळ वाटतात. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. ताई त्यांच्याकडे बघतही नाही. माझ्या स्कूटरच्या चाकाला एकदा व्हॉल्व्हचं टोपण नव्हतं. तेवढ्यावरून त्यांनी माझं शिक्षण, माझी नोकरी आणि माझा एकूण स्वभाव यांची अर्धा तास चौकशी केली. "अरे, हवा म्हंजे काय पाणी आसा भांड्यात रवाक?" ते म्हणाले. "उघड्या तोंडाच्या वस्तूत हवा रवणा नाय. टोपण नाय ता चाक नाय." मी टोपण आणून लावलं. नंतर ते त्यांनी स्वतः घट्ट केलं, कारण माझ्या हाताच्या पिळावर त्यांचा विश्वास नाही.

अशा माणसाच्या पोटी मुलगा आला तो पाण्याखाली जाणारा. माझा भाचा मालवणला दोन मित्रांबरोबर होडी चालवतो, म्हणजे चालवायचा. पर्यटकांना पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाचे मासे दाखवायचे, हा त्यांचा धंदा. भावोजी स्वतः समुद्रात घोट्यापलीकडे कधी उतरलेले नाहीत. त्यांना होडी लागते, आणि किनाऱ्यावर उभं राहून होडी बघितली तरी थोडी लागते. पण मुलगा ज्या सिलिंडरवर पोट भरतो त्यात हवा आहे, एवढ्यावर त्यांनी या धंद्याला मान्यता दिली होती. मग एका रात्री जेवताना भाच्याने हसत हसत सांगितलं, की आज एका पाहुण्याने घाबरून खाली पाण्यातच त्याच्या तोंडातली नळी ओढून काढली, आणि नळी परत सापडेपर्यंत त्याची जरा धावपळ झाली. ताईने बांगड्याची कढी वाढता वाढता "देवा रे!" म्हटलं. भावोजींनी हात धुतला. पानात भात तसाच होता. त्या माणसाने पानात अन्न टाकलेलं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते एसटीने गोव्याला गेले आणि संध्याकाळी पिशवीत एक लहानशी पिवळी बाटली घेऊन आले. हातभर लांबीची, जाड धातूची, डोक्यावर तोंडात धरायची नळी आणि बाजूला एवढासा काटा. पाठीवरचं सिलिंडर दगा देईल तेव्हा वर येईपर्यंत पुरेल इतकी हवा तिच्यात मावते. "ही स्टेपनी," ते मुलाला म्हणाले. "कमरेक बांधल्याशिवाय पाण्यात उतरूचा नाय."

भाचा म्हणाला, मालवणच्या कॉम्प्रेसरवर भरून घेतो. भावोजींनी तो विचार झटकून टाकला. स्टेपनीत हवा दुसऱ्याच्या हातून भरून घेणं त्यांना पटणारं नव्हतं. शिवाय घरात रोज संध्याकाळी मुलाच्या गाडीतून चार-पाच सिलिंडर येत. पाहुणे पाण्याखाली जातात, अर्धी हवा खातात, घाबरतात किंवा कंटाळतात आणि वर येतात. राहिलेली हवा तशीच. सकाळी कॉम्प्रेसरवर ती सिलिंडरं पुन्हा भरली जाणार, त्यामुळे आत काय उरलंय याची कोणाला पर्वा नसे. भावोजींना होती. एवढी दाबून भरलेली हवा रात्रभर पडवीत नुसती उभी आहे, या विचाराने त्यांना झोप येत नसे. तेव्हा त्यांनी जोडणीची नळी मिळवली, तिला दोन्हीकडे बसणारी तोंडं मिळवली, आणि पाहुण्यांच्या उरलेल्या हवेतून मुलाची बाटली भरायचं ठरवलं.

अडचण ताईकडून आली. ताईच्या घरात उष्ट्याचा विचार फार. चमचा एकदा तोंडाला लागला की तो परत आमटीत गेलेला तिला चालत नाही, आणि पाहुण्याने अर्धा खाल्लेला लाडू ती गाईलासुद्धा विचार करून देते. तिने पडवीत येऊन सिलिंडराकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि विचारलं, "ह्या कोणी अर्धा खाल्लेला?"

"पावण्यांनी," भावोजी म्हणाले.

"मगे ता उश्टा नाय? खंयच्या खंयच्या लोकांच्या तोंडातला माझ्या झिलाच्या पोटात घालतास?"

भावोजींनी तिला समजावलं, की नळीतून हवा एकाच दिशेने येते, ओढलेली हवा परत आत जात नाही. तांब्या उंच धरून वरून पाणी प्यालं की तांब्यातलं पाणी उष्टं होत नाही, तसं हे. ताई म्हणाली, तांब्या उंच धरणारी माणसं कशी पितात ते तिने लग्नाच्या पंगतीत पाहिलेलं आहे. हा वाद आठवडाभर चालला. मी कुडाळहून दोनदा मध्यस्थीला गेलो आणि दोन्ही वेळा जेवून परत आलो. शेवटी सत्यनारायणाला आलेल्या भटजींपुढे प्रश्न ठेवला गेला. त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि निवाडा दिला, की वायूला विटाळ नाही. तरीपण यजमानीणबाईंच्या मनाचं समाधान म्हणून तुळशीपत्र ठेवायला हरकत नसावी. तुळशीपत्र बाटलीच्या आत घालता येत नाही हे भावोजींनी नम्रपणे निदर्शनास आणलं. तेव्हा ते वरच ठेवायचं ठरलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ताई एक पान आणून जोडणीच्या नळीवर ठेवायची, भरणं संपल्यावर भावोजी नळीतली अडकलेली हवा सोडायचे, आणि ते पान फस्सदिशी उडून छपराच्या वाशाला चिकटायचं. पडवीच्या वाशांवर वाळलेल्या तुळशीची एक सबंध ओळ होती.

हवा भरण्याचा तो सोहळा बघायला शेजारची माणसं येत, पण त्यांना बोलायची परवानगी नसे. पडवीत पाण्याचा टोप मांडलेला. बाटली त्या पाण्यात बसवायची, कारण हवा भराभर आत गेली की बाटली तापते, आणि तापलेली हवा काट्यावर खोटं बोलते. भरली भरली म्हणून दाखवते आणि गार झाली की बसते. म्हणून आधी कमी हवेचं सिलिंडर लावायचं, दोन्हीकडचा दाब सारखा झाला की ते काढून जास्तीचं लावायचं, आणि चावी एवढी हळू फिरवायची की फिरते आहे की नाही याची पाहणाऱ्याला शंका यावी. बाटलीवर जेवढा दाब कोरलेला आहे त्याच्या पुढे काटा एक केसभरही गेलेला त्यांना खपत नसे. मात्र हे सगळं सुरू व्हायच्या आधी गाऱ्हाणं. आमच्याकडे देवाला सांगितल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही, पण हवा भरण्याचं गाऱ्हाणं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. भावोजी टोपी घालून, हात जोडून, टोपासमोर उभे राहत.

"बा देवी भगवती माये, आज ह्यो टोप तुझ्या पायाकडे मांडलेलो आसा!"

"व्हय म्हाराजा!" ताई, भाचा आणि जे कोणी हजर असतील ते म्हणत.

"ह्या नळयेतसून त्या बाटलेत जी हवा जातली, ती सुखरूप जांवदी!"

"व्हय म्हाराजा!"

"खंय वायसर चिरलो, खंय नळी सुटली, तर ता सांभाळून घी! आनी ही हवा माझ्या झिलाक कधी लागा नको!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचं वाक्य मला पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटलं. एवढी खटपट करून भरलेली हवा कधी लागू नको, असं मागणारा माणूस. पण मीही "व्हय म्हाराजा" म्हटलं.

एकदाच गोंधळ झाला, आणि तो भावोजींच्या हातून झाला हे ते अजून मान्य करत नाहीत. नळी काढण्याआधी तिच्यात अडकलेली हवा सोडून द्यायची, हा त्यांचाच नियम. त्या संध्याकाळी ते नळीला हात घालणार इतक्यात रस्त्यावरून एक टेम्पो गेला, आणि त्याच्या चाकाच्या आवाजावरून कुठलं चाक बसलंय हे ओळखण्यात त्यांचं लक्ष गेलं. नळी सुटली, डिवचलेल्या सापासारखी पडवीभर उसळली, टोप उलटा झाला आणि ताईने सुपात वाळत घातलेली आमसुलं भिंतींवर गेली. कोणाला लागलं नाही. सगळं शांत झाल्यावर भावोजी भिंतीला पाठ लावून भिजलेले उभे होते. "उजवो फुडचो," ते म्हणाले.

आदल्या दिवशीची हवा दुसऱ्या दिवशी मुलाला द्यायला ते तयार नसत. ती शिळी. खरं तर बाटलीतली हवा कधी वापरलीच जात नसे, काटा सकाळी होता तिथेच संध्याकाळी असे. पण भावोजी ती रोज काढत आणि ताजी भरत. शिळी म्हणून फुकट मात्र घालवत नसत. तिच्यावर त्यांनी वाडीतल्या सगळ्या सायकली आणि स्कूटरी भागवल्या, पंख्यांवरची धूळ उडवली, चुलीतली राख उडवली आणि नंतर ती राख ज्या कपड्यांवर बसली ते धुवायला मदत केली. देवळातल्या भजनाच्या पेटीत धूळ बसलीय असं कोणीतरी म्हणालं, तर ते बाटली घेऊन तिथेही गेले. बुवा आत चहा घेत होते. भावोजींनी भात्याच्या फटीला नळी लावली आणि चावी सोडली. पेटीचे सगळे सूर एकदम बोलले. इतके मोठ्याने, की बुवा कप हातात घेऊनच बाहेर आले. धूळ गेली हे बुवांनी मान्य केलं, पण पुढे कितीतरी दिवस ते भावोजी दिसले की पेटीवर हात ठेवून बसत.

भाच्याचे मित्र त्या बाटलीला 'दुधाची बाटली' म्हणायचे. होडीवर पोचल्याबरोबर "बाबांनी दूध दिलंय काय रे?" असं विचारायचे. भाचा चिडायचा, पण कमरेला बांधायचा. एकदा त्याने घरी म्हणून बघितलं, "बाबा, इतकी वर्सां झाली, एकदा तरी लागली काय ती माका?"

"गाडयेची स्टेपनी लागूक नाय म्हणून कोण टाकून दिता?" भावोजी म्हणाले. "लागूक नाय, होच तिचो गुण."

मग भाच्याला मालदीवला नोकरी लागली. तिथल्या एका बेटावर पर्यटकांना शिकवायचं काम, पगार बरा, राहणं-खाणं तिकडचं. ताई दोन दिवस कामात राहिली. तिला रडायचं नसलं की ती डबे घासते. भावोजींनी एकच विचारलं, "बाटली नेतलंस मा?" भाचा नेतो म्हणाला. नंतर तिकिटाबरोबर विमान कंपनीचे नियम आले. अशी बाटली विमानातून नेता येते, पण पूर्ण रिकामी करून आणि डोक्याची चावी काढून, म्हणजे आत काही नाही हे कोणालाही दिसेल अशी, तोंड उघडी. भाच्याने हे वडलांना कसं सांगावं म्हणून मला फोन करून बोलावून घेतलं. मी कुडाळहून आलो, चहा घेतला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि शेवटी भाच्यानेच सांगितलं.

भावोजींनी बाटली उचलून काट्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "रिकामी स्टेपनी घेवन जातलंस?"

"थंय जावन भरतलंय, बाबा."

"थंय कोण भरतलो? तेका टोप म्हायत आसा?"

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा टोप मांडला. भाचा म्हणाला, "बाबा, उद्या रिकामीच करूची आसा." ते म्हणाले, "उद्याचा उद्या." टोपी घातली, गाऱ्हाणं घातलं, तुळशीपत्र वाशाला गेलं. काटा जिथे यायचा तिथे आला. इतक्या हळू त्यांनी ती पूर्वी कधी भरली नव्हती.

सकाळी गाडी दारात उभी होती. तिच्या चारही चाकांत आदल्या दिवशीच हवा बघून झाली होती. भावोजी बाटली घेऊन दारासमोरच्या खळ्यात गेले, पायरीवर बसले आणि चावी किंचित सैल केली. हवा बारीक आवाजात बाहेर यायला लागली. मला वाटलं होतं ते नेहमीप्रमाणे एखादी सायकल शोधतील. शेजारचा माणूस चाक बसलेली सायकल घेऊन कुंपणाशी उभाही होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ज्या माणसाने पाहुण्यांची उरलेली हवा फुकट जाऊ दिली नव्हती, तो भरलेली बाटली अंगणात सोडून देत होता. मला फार वाईट वाटलं. हवा सुटताना बाटली थंडगार पडली, तिच्यावर बाहेरून पाणी जमलं. भावोजींनी ते खांद्यावरच्या पंच्याने पुसलं. पुन्हा जमलं, पुन्हा पुसलं. आवाज थांबल्यावर त्यांनी चावी पिळून काढली आणि बाटली ताईच्या हातात दिली.

ताईने ती आत नेऊन देवापुढे थोडा वेळ उघडीच ठेवली. "वायच घरची हवा शिरांदे तिच्यात," म्हणाली. मग लोणच्याच्या बरणीला बांधते तसा स्वच्छ धुतलेला दादरा तिच्या तोंडावर घातला आणि सुतळीने बांधला.

"कापडान हवा थांबता गो?" भावोजी म्हणाले. "वायच अक्कल."

"कीडमुंगी तरी जावची नाय," ताई म्हणाली.

विमानतळावर काचेच्या अलीकडून आम्हाला दिसत होतं. तपासणीच्या माणसाने बाटली बाहेर काढली, दादरा सोडला, एक डोळा मिटून आत बघितलं, उलटी करून हलवली. काही पडलं नाही. त्याने बाटली परत दिली आणि भाचा तिथेच वाकून, मागची रांग थांबवून, दादरा पुन्हा बांधत बसला. आईसारखी गाठ त्याला मारता येत नव्हती.

परवा मी धामापूरला होतो तेव्हा त्याचा व्हिडिओ फोन आला. भावोजींनी आधी त्याला तिथल्या बाटलीचा काटा दाखवायला लावला. कंपनीने सगळ्यांना स्वतःची छोटी बाटली दिलेली आहे. काटा बरोबर जागी होता. कमरेचा पट्टा ओढून दाखवायला लावला, तोही घट्ट होता. भावोजींचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांना मागच्या फळीवर पिवळं काही दिसलं. दादरा अजून तसाच बांधलेला होता.

"ती भरूक नाय?"

"नाय, बाबा."

"कित्याक?"

भाच्याने मागे वळून फळीकडे बघितलं. "भरली तर आतली घरची हवा जातली," तो म्हणाला.

मी भावोजींकडे बघितलं. उघड्या तोंडाच्या वस्तूत हवा राहत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या बाटलीतली धामापूरची हवा तपासणीच्या माणसाने तिथेच उलटी करून ओतली होती, आणि उरलीसुरली तासाभरात कापडातून गेली असणार. हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आता ते भाच्याला दाब, टोपण आणि अक्कल यांवर अर्धा तास सांगणार, म्हणून मी खुर्ची जरा मागे घेतली. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

भावोजी फोन डोळ्यांजवळ नेऊन त्या फळीकडे बराच वेळ बघत राहिले.

"दादरो घट आसा मा?" त्यांनी विचारलं.